समेट घडवणे हे महाराजांचे काम नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुगी उरकली की गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहांचे मंडप पडतात. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन अशा सात दिवसांत एरवी ग्रामसभेकडे न फिरकणारी माणसेही येऊन बसतात, बायका तर हमखास. म्हणून बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कीर्तनकार, पुरोहित, मौलाना, फादर, भन्ते यांना उभे करावे अशी सूचना कुणी केली की ती लगेच पटते. आम्हालाही पटते. पण हे काम बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाने सुरू होते. महाराजांकडून ‘स्त्रीचा आदर करा’ असे एक भाषण करवून घेतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच महाराजांपुढे एखादे जोडपे ‘तुम्हीच समजूत घाला’ म्हणून आणून बसवतात. भाषणाने काही बिघडत नाही, घडतही नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र बाईचा जीव जाऊ शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याची मारहाण वा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसणाऱ्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रिया मदत मागतात, ७७ टक्के कुणाजवळ अवाक्षरही काढत नाहीत. मागितलीच मदत तर आधी माहेरची. पोलीस फार नंतर. माहेरचे लोक ठाण्यात जात नाहीत, ते ‘मोठ्या माणसा’कडे जातात. म्हणजे गुरुजी किंवा मौलाना यांच्यापर्यंत प्रकरण जाणारच. तिथे पोहोचल्यावर काय होते, हा खरा प्रश्न आहे.

होते ते असे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवतात, भोवती दोन्हीकडची वडीलधारी माणसे. तिला म्हणतात, सांग काय झालं. ज्याच्या घरी आज रात्रीच परत जायचे आहे त्याच्या तोंडावर ती काय सांगणार? निम्मे गिळून उरलेले सांगते. मग त्याची बाजू निघते: स्वयंपाक वेळेवर नाही, उलटून बोलते, सारखी फोनवर असते. आता चर्चा माराची राहत नाही, मारायला कारण होते की नव्हते याची होते. शेवटी तो पाया पडतो, भंडारा उचलतो, माळेवर हात ठेवतो, स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे मारणार नाही’ असे लिहून देतो. तीही लिहून देते की विचारल्याशिवाय माहेरी जाणार नाही. त्या कागदाने तिला कायद्याचे कसलेही संरक्षण मिळत नाही. पण त्यातली तिच्यावरची अट सगळा गाव पाळून घेतो आणि त्याच्यावरची अट बंद दाराआड कोण तपासणार? घरी गेल्यावर तिच्या अपराधांत एकाची भर पडलेली असते, घरातले चव्हाट्यावर नेल्याची. दरम्यान वळ उतरलेले असतात, डॉक्टरांचा कागद झालेला नसतो आणि पुढच्या वेळी ठाण्यात पहिला प्रश्न येतो: ‘तेव्हा तर मिटवलं होतं ना?’

तंटामुक्त गाव मोहिमेने (२००७) पुष्कळ बांध आणि वाटांचे वाद मिटवले, ते श्रेय तिला आहेच. पण बांधाच्या वादात दोन्ही पक्ष साधारण सारख्या ताकदीचे असतात, मारहाणीत नसतात.

कायदा या बाबतीत बारकाईने विचार करतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात समुपदेशन आहे, पण ते न्यायालयाच्या आदेशाने. त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की समुपदेशनात हिंसेचे समर्थन करणारी कोणतीही सबब सामनेवाल्याला पुढे करता येणार नाही. ‘तिने उलट उत्तर दिले’ हे वाक्य तिथे ऐकूनच घेतले जात नाही. गावच्या बैठकीत नेमके तेच वाक्य आधी ऐकतात.

समेटाचा आग्रह धरणाऱ्या महाराजांची भीती खोटी नसते. त्यांना वाटते, कागद झाला की नवरा आत जाईल आणि संसार मोडेल. म्हणून त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. तालुक्याचा संरक्षण अधिकारी बाईचे म्हणणे ‘नमुना १’मध्ये, म्हणजे घरगुती घटनेच्या अहवालात, लिहून घेतो. तो एफआयआर नव्हे. तिच्या अर्जावर दंडाधिकारी मारहाणीला मनाई करणारा आदेश, त्याच घरात राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही सांगून ठेवावे. पण आदेश मिळाला आणि नवऱ्याने तो मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे घर न सोडता, नवऱ्याला तुरुंगात न घालता मार थांबवण्याची वाट कायद्यातच आहे. हे कळले की बरेच गुरुजी, मौलवी स्वतःहून म्हणतात, मग आम्ही मध्ये कशाला पडायचे? बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आहेच, तो निर्णय तिचा.

२००५ च्या कायद्याचे कलम ४ धर्मगुरूंनी पाठच करावे. हिंसा होते आहे असे सद्‌भावनेने वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि त्याबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

आता बाई येते तेव्हा काय करायचे. तिला एकटीला ऐकायचे, मात्र बंद खोलीत नव्हे. देवळाच्या ओवरीत, सभागृहाच्या कडेला, दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, शक्यतो दुसरी विश्वासू स्त्री जवळ असताना. सासूला किंवा नणंदेला ‘जरा तीर्थ घेऊन या’ म्हणून लांब पाठवता येते. बोलायची वाक्ये मोजकीच: सांगितलंत ते बरं केलंत, मार खाणं हा तुमचा दोष नाही, आज घरी जायला सुरक्षित वाटतं का, पुढचं तुम्ही ठरवा. ‘भोग आहेत’, ‘तूही थोडं समजून घे’, ‘सोळा सोमवार कर’, ‘मी त्याच्याशी बोलतो’ ही वाक्ये नकोत. शेवटचे सगळ्यांत धोक्याचे, कारण तिने तोंड उघडल्याचे त्याला तेव्हाच कळते.

त्यानंतर पाच गोष्टी विचारायच्या. गळा दाबला होता का, जिवे मारण्याची धमकी आहे का, घरात कोयता-कुऱ्हाड किंवा रॉकेल-पेट्रोल उगारले का, पोटुशी असताना मारले का, अलीकडे मार वाढला आहे का. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तिला त्या रात्री ‘जा घरी, देव बघेल’ म्हणून पाठवू नये. गळा दाबलेल्या बाईला तर सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. बाहेर वळ नसला तरी आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी दिवसांनीही जिवावर येते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्त उतरणे ही त्याची लक्षणे.

फोन तीन: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे वकिलांखेरीज फार थोड्यांना ठाऊक असते. जिल्ह्याच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. तिला नंबर चिठ्ठीवर देऊ नका, चिठ्ठी सापडते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिच्याच फोनमध्ये शिलाईवालीच्या किंवा गॅसवाल्याच्या नावाने जतन करून द्या. आणि आपण होऊन तिला फोन करू नका, फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स शेजारी किंवा माहेरी ठेवायला सांगावे.

आणि तिची हकीकत, नाव वगळूनसुद्धा, कीर्तनात दृष्टांत म्हणून वापरू नये. ‘परवा एक माउली आमच्याकडे आली’ एवढे म्हटले तरी दीड-दोन हजार वस्तीच्या गावात ती कोण हे टाळकऱ्यांच्या दुसऱ्या रांगेपर्यंत पोहोचलेले असते.

माळेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. दारुड्या नवऱ्याला माळ घालायला लावणे हा वारकरी गावांतला जुना उपाय आहे आणि दारूपुरता तो पुष्कळदा लागूही पडतो. दारू सुटली की पैसा घरात राहतो, रात्रीचा तमाशा थांबतो, हा फायदा लहान नाही. पण दारू हे मारण्याचे मूळ नव्हे. दारू पिऊन तोच माणूस मुकादमाला किंवा पाटलाला मारत नाही, घरी येऊन बायकोला मारतो. हात कुणावर उचलायचा याचे भान त्याला पुरते असते. त्यामुळे माळ घातल्यावर मार थांबला तरी पैशावरचा, माहेरी जाण्यावरचा, बोलण्यावरचा ताबा तसाच राहतो, कधी आवळला जातो आणि आता त्याच्या हातात माळकरी असल्याचा दाखला असतो. तिने तक्रार केली तर लोक म्हणतात, एवढा सज्जन माणूस! म्हणून माळ घालणाऱ्या महाराजांनी त्याच वेळी चार वाक्यांत बजावावे की मांस-मद्याइतकाच हातही वर्ज्य आहे, शिवीही वर्ज्य आहे, बायकोची मजुरी हिसकावणेही वर्ज्य आहे. कायद्यात हिंसेचे जे चार प्रकार आहेत (शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक) त्यांतलेच हे, फक्त मंडपाच्या भाषेत.

कीर्तनातल्या विनोदांबद्दल बोलले की लोक चिडतात. दोन तास समाज बसवून ठेवायचा तर हशा लागतो, हे मान्य. पण बायको, सासू, शिकलेली सून यांच्यावरचे ठरावीक चुटके, त्यात ‘दोन ठेवून दिल्या की सरळ होते’ ही जोड, आणि त्याची क्लिप रात्रीत मोबाइलवर, हा हशा फुकटचा नाही. मंडपात ती बाई बायकांच्या बाजूला बसलेली असते, नवरा वीस फुटांवर, आणि सगळा गाव हसतो. तिने उद्या कुणाकडे जायचे?

वास्तविक निरूपणाला सामग्री घरचीच आहे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याने केलेली मारहाण स्वतः लिहून ठेवली आहे. सतराव्या शतकात एक बाई हे नोंदवते, हेच केवढे! पुढे आजारपणानंतर तो नवरा निवळला. तेवढाच भाग धरून ‘सोसले म्हणून फळ मिळाले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ऐकणाऱ्या बाईचा नवरा निवळेलच असे नाही. सोयराबाईंचा विटाळावरचा रोखठोक सवाल, कान्होपात्रेने राजसत्तेच्या बोलावण्याला दिलेला नकार यांवर एकेक रात्र सहज जाईल. सप्ताह समितीने कीर्तनकारांची तारीख घेतानाच, बिदागी ठरते त्याच वेळी, दोन अटी सांगाव्यात: मारहाणीवर विनोद नाही, आणि सातांपैकी एका दिवशी या विषयावर पंधरा-वीस मिनिटे. आयत्या वेळी मंडपात कानात सांगून काही होत नाही. पत्रिकेवर देणगीदारांच्या नावांखाली १८१ आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ छापायला जास्तीचा खर्च येत नाही.

लग्न लावणाऱ्यांकडे तर प्रत्यक्ष अधिकार आहे. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झाली. ऊसतोडीच्या पट्ट्यात यामागे रोख हिशेब आहे. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. शिवाय सहा महिने मुलीला गावात एकटे ठेवायची धास्ती. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या (२००६) कलम १० नुसार असे लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न बालविवाह नव्हते असे मानायला आपल्याकडे कारण होते, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. म्हणून तिथी काढायला लोक येतात त्याच दिवशी दोघांचे जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले मूळ प्रतीत बघावेत, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आधार कार्ड चालवून घेऊ नये, तो जन्मतारखेचा पुरावा नव्हे. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुढे पुरोहिताची किंवा काझींची सही लागतेच, तर आधीच पाहिलेले बरे. साखरपुड्यालाही हाच नियम लावावा, कारण ‘साखरपुड्यातच उरकून घेऊ’ ही आता सोयीची वाट झाली आहे.

नुसते ‘मी लावणार नाही’ म्हणून गुरुजींनी हात झटकले तर शेजारच्या गावचे गुरुजी येतात. १०९८ वर तारीख, ठिकाण आणि मुलीची शाळा सांगावी, स्वतःचे नाव सांगण्याची गरज नाही. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लग्न थांबवल्यावर मुलीला मामाच्या गावी नेऊन तेच लग्न महिन्याभरात लावतात, हा नेहमीचा दगा आहे. त्याला उत्तर म्हणजे बालविवाह कायद्याच्या कलम १३ खाली न्यायालयाचा मनाई आदेश. तो असताना लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते.

निकाहनाम्याची ताकद काझींनीही पुरती वापरलेली दिसत नाही. त्यात अटी लिहिता येतात: मेहर उधार नाही, हातात; दरमहा खर्च; दुसरे लग्न नाही; तलाक-ए-तफवीज, म्हणजे ठरलेली अट मोडली तर पत्नीला तलाक घेण्याचा अधिकार. एक प्रत वधूच्या स्वतःच्या हातात द्यावी, मामाच्या नव्हे. वसई-मुंबईकडच्या चर्चमध्ये लग्नाआधीची शिबिरे होतात. तिथे एक सत्र हिंसेवर आणि वधूशी एकांतात पंधरा मिनिटे, एवढी भर पुरे.

नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठराव झाले, पण दहाव्याच्या घाटावर गुरुजी आणि भावकी पूर्वीसारखीच असतील तर ठराव दप्तरात राहतो. आमच्या मते बांगड्यांइतकीच मोठी हिंसा त्या पंधरवड्यात कागदावर होते. ‘सह्या करून टाक, पुढे बघू’ म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतात. अनेक भागांत दशक्रियेला प्रवचन असते, दोनशे-तीनशे माणसे असतात, दीर-भावजय सगळे समोर. तिथे प्रवचनकाराने तीन वाक्ये बोलावीत: मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागलेच पाहिजे, वर्षभर कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही नको.

‘बाहेरची बाधा’ म्हणून आणलेल्या बाईला मारणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे कैद. अंगात येणाऱ्या बाईला एकटीला विचारले तर घरची मारहाण किंवा न उपचारलेले दुखणे बऱ्याचदा पुढे येते.

धर्मसंस्थांनी आपले घरही बघावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या देवस्थान ट्रस्टला, मठाला, दर्ग्याला, चर्चला लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यात अर्ध्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा लागतो. किती देवस्थानांच्या फलकावर ही नावे दिसतात? निवासी वारकरी शिक्षणसंस्था, मदरसे, बोर्डिंग यांत मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही ‘संस्थेचे नाव जाईल’ म्हणून गप्प बसणे हा पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे समेटाचा प्रश्नच नाही.

प्रशिक्षण कसे असावे, याबद्दल एक परदेशी दाखला उपयोगी आहे. पश्चिम युगांडात पाद्र्यांकरवी जोडप्यांसाठी बारा बैठकींचा अभ्यासक्रम चालवून तो चाचणीने तपासला गेला. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १,७०० जोडपी होती. बायबलच्याच आधाराने पैसा, निर्णय, बोलणे-चालणे यांवर चर्चा झाली आणि हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात पाचने घटले. पाच हा आकडा छोटा वाटेल, पण तो बारा बैठकींनी आला, एका व्याख्यानाने नव्हे. शिवाय ती बैठक सर्वसाधारण जोडप्यांसाठी होती. आज मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याशेजारी बसवायची नव्हे, हा फरक इथे नक्कल करताना हमखास हरवतो. आपल्याकडे वारकरी फडावरचे, देवळातले, मशिदीतले पंधरा-वीस जण, महिन्याला दोन तास, वर्षभर, आणि प्रत्येक बैठकीला तालुक्याचा संरक्षण अधिकारी हजर, एवढे जमले तरी पुष्कळ. अधिकाऱ्याचा चेहरा ओळखीचा झाल्याशिवाय महाराज फोन करत नाहीत, हा साधा अनुभव आहे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. ‘महाराजांच्या मध्यस्थीने मोडता संसार सावरला’ अशा बातम्या छापताना सहा महिन्यांनी त्या बाईची स्थिती काय, हे बातमीदाराने विचारावे (तिला एकटीला), आणि तोवर ती बातमी थांबवावी. सप्ताहांच्या बातम्यांखाली आपण महाप्रसादाची वेळ देता, तिथे १८१ ची एक ओळ बसेल.

आपले,
कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधाच्या कामातील काही समुपदेशक व वकील